लेले बाईंनी पुसलेली खाडी

लेले बाई गेल्याचं कळलं तेव्हा त्या मुक्त ज्ञानकोशाच्या चावडीवर, म्हणजे संपादक मंडळी जिथे एकमेकांशी बोलतात आणि मुख्यतः भांडतात त्या पानावर, सात ओळींची श्रद्धांजली लागली. तिच्यात बाईंचा उल्लेख तीन वेळा 'आदरणीय लेले सर' असा होता. पाचवी ओळ मला ओळखीची वाटली म्हणून शोधून पाहिली. ती एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या श्रद्धांजलीतून जशीच्या तशी उचललेली निघाली. बाई असत्या तर दहा मिनिटांत हा मजकूर उडाला असता आणि लिहिणाऱ्याला समज मिळाली असती. त्या नाहीत, म्हणून तो अजून तिथे आहे.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यालगतच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी तिसऱ्या. मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. बाईंनी एकतीस वर्षं शाळेत बीजगणित आणि भूमिती शिकवली. दहावीच्या परीक्षेला त्या ज्या वर्गावर पर्यवेक्षक असत, त्या वर्गातली मुलं कॉपीच्या चिठ्ठ्या दाराबाहेरच्या कुंडीत टाकून आत जात, असं त्यांचे माजी विद्यार्थी अजून सांगतात. निवृत्तीनंतर मुलाने लॅपटॉप दिला आणि त्यावर त्यांना हा कोश सापडला. तिथे कोणीही लेख लिहू शकतो आणि कोणीही तो दुरुस्त करू शकतो, हे त्यांना आधी खरंच वाटेना. त्यांनी त्रिकोणाचं पान उघडलं. ते एका गाईडातून उतरवलेलं होतं, गाईडातल्या छपाईच्या चुकीसकट. बाईंनी गाईडाचं नाव आणि पान क्रमांक देऊन तक्रार नोंदवली. दोन वर्षांत त्या तिथल्या प्रचालक झाल्या. प्रचालकाला पानं काढून टाकता येतात आणि सदस्यांवर बंदी घालता येते. एवढे अधिकार त्यांना शाळेनेही कधी दिले नव्हते.

त्यांचा निकाल नेहमी एकाच साच्यात असे. पक्ष: अमुक लेख. साध्य: तो नक्कल आहे. सिद्धता: दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, सारखी वाक्यं अधोरेखित. त्याखाली 'हेच सिद्ध करायचे होते' आणि लेख नाहीसा. वाद घालणारे बरेच होते. ते सगळे 'सर, एक संधी द्या' असं लिहीत. मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही सर नाही हे सांगत का नाही त्यांना?"

"कशाला? मजकूर बरोबर आहे की नाही एवढंच तिथे बघतात. लिहिणारा कोण, कुठला, बाई की बुवा, हे कोणी विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली मला."

ही सवय लॅपटॉपपुरती राहिली नाही. शनिवारी पाणी बंद राहील अशी सूचना सेक्रेटरींनी इमारतीच्या फळ्यावर लावली, तर संध्याकाळी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'संदर्भ?'

सेक्रेटरी वर आले. "बाई, संदर्भ काय संदर्भ? मीच सांगतोय ना!"

"तुम्ही हितसंबंधी आहात. पंपवाल्याचं पत्र लावा."

शनिवारी पाणी आलं. तेव्हापासून सेक्रेटरी पंपवाल्याचं पत्र लावू लागले.

एकदा ठाण्याहून एक गृहस्थ त्यांना शोधत आले. चाळिशीचे, पांढरा शर्ट, हातात पुष्पगुच्छ. खोपटला त्यांच्या साहेबांचं कार्यालय होतं आणि साहेबांचं पान कोशावरून तीनदा उडालं होतं. मी जिन्यात होतो, त्यामुळे संभाषण मला पूर्ण ऐकू आलं.

"लेले सरांना भेटायचंय."

"सर नाहीत. काय काम आहे?" बाईंच्या हातात फडकं होतं.

"काकी, साहेबांचं पेज उडवलंय सरांनी. आम्ही परवा टाकलेलं, परत उडवलं. साहेब लय नाराज आहेत."

"कारण लिहिलं असेल ना तिथे?"

"लिहिलंय की मजकूर साहेबांच्या कार्यअहवालातून चोरलेला आहे. अहो, पण तो अहवाल आमचाच! स्वतःच्या घरात कोण चोरी करतं?"

"अहवालाच्या मागच्या पानावर 'सर्व हक्क राखीव' छापलं आहे. कोशावर टाकायचं तर साहेबांनी हक्क सोडल्याचं पत्र पाठवावं लागतं. मग तो मजकूर कोणीही वापरू शकतो, बदलूही शकतो."

गृहस्थ गोंधळले. "कोणीही म्हणजे विरोधी पक्षवालेपण?"

"तेसुद्धा."

"काकी, तुम्हाला बरंच माहितीय हो. पण साहेबांनी आजपर्यंत कधी काही सोडलेलं नाहीये. फुटपाथ पण नाही सोडला." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पुष्पगुच्छ पुढे केला. "सरांना द्या."

बाईंनी तो परत दिला. सर भेटवस्तू घेत नाहीत म्हणाल्या. साहेबांचं पान पुन्हा कधी आलं नाही. हा किस्सा त्यांनी स्वतः कोणालाही सांगितला नाही, कारण त्याला साक्षीदार एकच होता आणि तो पत्रकार होता.

बाळाराम तांडेल यांच्याशी बाईंचं भांडण सुरू झालं ते याच नियमावरून. तांडेल ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतात. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. त्यांनी कोशावर खाडीतल्या मासेमारीच्या जागांवर लेख टाकला. पाण्यात पाटी लावता येत नाही, पण खाडीच्या प्रत्येक वळणाला, खोल भागाला, चिखलाच्या पट्ट्याला कोळ्यांनी नाव दिलेलं आहे, आणि धक्क्यापासून निघाल्यावर ती नावं ठरल्या क्रमाने येतात. कुठे जाळं टाकायचं, कुठे होडी घालायची नाही, हे त्या नावांत असतं. तांडेलांना टंकन येत नव्हतं. सुनेने फोनवर बोलून लिहिण्याची सोय दाखवली आणि ते बोलत गेले. लेख दुपारी आला. बाईंनी तो चहाच्या आधी काढून टाकला.

त्यांनी पुन्हा टाकला. बाईंनी पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी कारणासह: पक्ष, साध्य, सिद्धता. सिद्धतेत पाच वर्षांपूर्वीच्या एका रविवार पुरवणीतला लेख होता. बोलीचा फरक सोडला तर दोन्हींतली वाक्यंच्या वाक्यं तीच होती. तांडेलांनी चर्चापानावर फोनला सांगून लिहिलं, "मी कुनाचा चोरला नाय. माजीच खाडी हाय." बाईंनी उत्तर दिलं की खाडी कोणाची हा कोशाचा विषय नाही. मग बंदी घातली.

तो पुरवणीतला लेख माझा होता.

मला हे सगळं आठवड्याने कळलं, तेही अपघाताने. बाई जिन्यात भेटल्या आणि माझ्या लेखाचं संरक्षण केल्याचं त्यांनी मला सांगितलं. आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा नव्हती, फक्त नोंद म्हणून सांगत होत्या.

"कोणी टाकला होता?" मी विचारलं.

"बाळाराम तांडेल नावाचे कोणी आहेत. तुमच्याच लेखातून उतरवलेलं. मध्ये मध्ये 'माझ्या आज्यानं सांगितलं' असं घुसडलेलं."

मी खिशात किल्ली शोधू लागलो. बाईंना नजर चुकवणाऱ्या मुलांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता.

"अहो पत्रकार, तुम्ही हे कुठून घेतलं होतंत?"

"त्यांच्याकडूनच."

"त्यांचं नाव लेखात नाही."

"'परिसरातील जाणकार सांगतात' असं आहे."

आमच्या धंद्यात ही पद्धत आहे. माणूस मंत्री असेल तर त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं. माणूस नुसता माहीतगार असेल तर तो जाणकार होतो. तांडेल माझ्याशी दोन संध्याकाळी धक्क्यावर बसून बोलले होते. मी ते ध्वनिमुद्रित केलं, उतरवलं, 'माझ्या आज्यानं'च्या जागी 'पूर्वजांनी' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं आणि वर माझं नाव घातलं. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. पुरवणी संपादकांनाही वाटलं नाही. लेखाचं कौतुक झालं होतं.

"ध्वनिमुद्रण आहे?"

होतं. मी ते त्यांना दिलं. न देण्याचा विचार मी जिना चढेपर्यंत केला, एवढं प्रामाणिकपणे नोंदवतो.

बाईंनी माझा लेख छापून घेतला आणि दोन दिवस ते ध्वनिमुद्रण ऐकत लाल पेनाने खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी कागद माझ्यासमोर ठेवला.

"एकोणीस परिच्छेद आहेत. सोळा त्यांचे. तीन तुमचे, आणि त्या तीनपैकी एकात चूक आहे. 'जावयाचा चिखल' या जागी होडी भरतीला रुतते असं तुम्ही लिहिलंत. ते ओहोटी म्हणाले आहेत. भरतीला कशी रुतेल? थोडा विचार करायचा."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि चावडीवर लिहिलं. पक्ष: मी काढलेला लेख. साध्य: नक्कल त्यात नव्हती, वृत्तपत्रात होती. सिद्धता सोबत. त्यांनी स्वतःची चूक पाच ओळींत मांडली, बंदी उठवली, लेख परत ठेवला. माझं नावही तिथे आहे, तारखेसह. कोशावर माझ्या नावाचा पहिला उल्लेख तोच.

गंमत त्यानंतर सुरू झाली. दुसऱ्या एका प्रचालकाने नियम दाखवला. शब्द तांडेलांचे असतील, तर त्यांनी हक्क सोडल्याचं पत्र पाठवायला हवं. आणि माहितीला छापील आधार हवा, कारण तोंडी सांगणं कोशाला चालत नाही. छापील आधार जगात एकच होता, तो म्हणजे माझा लेख. ज्याने नाव गाळलं, त्याच्या साक्षीवरच तांडेलांची खाडी खरी ठरणार होती. बाईंनी हे मान्य केलं. नियम बरोबर होता. तो त्यांनीच लिहिला होता.

पत्राचा मसुदा छापून घेऊन बाई ठाण्याला गेल्या. मला सोबत नेलं, कारण ओळख करून द्यायला कोणीतरी हवं होतं. तांडेल घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. लेखाचा अंक मी त्यांना कधी नेऊन दिला नव्हता.

"आलाव? पेपर आनला का येताना?"

मी म्हटलं, "हे लेले बाई. कोशावरच्या."

"ते लेले सर?" तांडेलांनी सुई थांबवली. "सर तर बाई हायेत!" मग आत वळून मोठ्याने, "अगो, जिनी मना भायेर काढला ना, ती बाई आयलीय! चाय टाक!"

बाई म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुमचे शब्द तुमचेच होते. मी नीट पाहिलं नाही."

"तुमी पायलात. पन कागद पायलात. मानूस नाय पायला." हे ते रागाने बोलले नाहीत. जाळ्यातलं भोक दाखवावं तसं दाखवलं.

चहा झाल्यावर बाईंनी पत्र वाचून दाखवलं. वर्गात वाचत असत तसं, प्रत्येक शब्द सुटा. की मी, बाळाराम तांडेल, हा मजकूर कोणालाही वापरायला, वाटायला, बदलायला देत आहे.

"थांबा. बदलायला?"

"हो. नियम आहे. जो वापरेल त्याने तुमचं नाव द्यायला हवं, पण मजकूर त्याला बदलता येतो."

"आनि नाव नाय दिला तर?"

"तर तुम्ही तक्रार करायची."

"कुनाकडं?"

बाईंनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही छापलेलं नव्हतं.

"बाई, मी ता तिथं टाकला, का टाकला? माजे दोनी पोरगे कंपनीत जातान. होडीन कोन बसत नाय. सून बोल्ली, हितं टाकला का कायम ऱ्हाते. मना वाटला, ऱ्हाऊ दे. पन आमच्यात खाडी अशी देत नाय. घेनारा समोर बसाया पायजे. आज्यानं मना पयले इचारला, ऐकशील? मंग एक नाव सांगला. ता मी परत बोल्लो, तवा दुसरा सांगला. चुकलो का पयल्यापासना. आता तुमी सांगता, कोनपन घेल आनि बदलल. एक नाव पुढं-मागं झाला ना, तर होडी चिखलान जाईल. मानूस जाईल. ता कुनाच्या नावावर?"

"लेखातून कोणी होडी चालवणार नाही," मी म्हणालो.

"मंग लेख कशाला?" तांडेल म्हणाले आणि पुन्हा सुई उचलली.

सही झाली नाही. बाईंनी आग्रह केला नाही. पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. परतताना बसमध्ये त्यांनी ते पत्र पुन्हा उघडून वाचलं. डोंबिवली आल्यावर म्हणाल्या, "त्यांच्या म्हणण्यात कुठेही खोट नाही. तपासलं मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो लेख चौथ्यांदा काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'मालकाची परवानगी नाही.' हे कारण त्या कोशावर रोज लिहिलं जातं. खरोखर मालकाला विचारून लिहिलेलं बहुधा ते एकच असावं.

कोशावर आज खाडीच्या पानात एक वाक्य आहे: खाडीतील मासेमारीच्या जागांना पारंपरिक नावे आहेत. त्याला संदर्भ माझ्या लेखाचा आहे. बाईंनी आमच्या संपादकांना पत्र पाठवून दुरुस्ती मागितली होती. पत्र छापून आलं. जागेअभावी शेवटची दोन वाक्यं कापलेली होती. तांडेलांचं नाव त्या दोन वाक्यांत होतं. त्या दिवशी ते पान लावायला मी नव्हतो. असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही.

यानंतर बाईंनी प्रचालकपद सोडलं. कारण लिहिलं, 'वेळ नाही.' त्यांच्याकडे वेळच वेळ आहे असं इमारतीत सगळे समजत होते. दर गुरुवारी सकाळी त्या छत्री, पाण्याची बाटली आणि स्लिपर घेऊन कुठेतरी जात आणि दुपारी परत येत. कुठे जाता, असं सेक्रेटरींनी विचारलं तर 'शिकवणीला' म्हणत. या वयात कोणाला शिकवता, असं त्यांनी पुढे विचारलं. बाई छत्री उघडून चालू लागल्या.

मी त्यांना तिथे एकदाच पाहिलं. टेंभी नाक्यावरच्या एका पत्रकार परिषदेला गेलो होतो, ती ऐन वेळी रद्द झाली, म्हणून पाय मोकळे करत धक्क्याकडे निघालो. ओहोटी होती. तांडेल उपड्या घातलेल्या होडीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर लेले बाई. वही नव्हती, पेन नव्हतं, फोनही नव्हता. दोन्ही हात मांडीवर. मी दहा-बारा पावलांवर थांबलो.

"बोला."

बाईंनी डोळे मिटले. "धक्का. म्हातारीची खोल. दोन भावांची वाट. जावयाचा चिखल..."

"थांबा, थांबा! उलटा पाय कुटं गेला?"

बाईंनी डोळे उघडले.

"वाटेच्या म्होरं उलटा पाय. तितं वलायचा, तवा चिखल चुकते. तुमी नाय वललाव. सरल गेलाव." तांडेलांनी मांडीवर थाप मारली. "गेली होडी! रुतली! आता पानी चढं पातूर बसा तिथंच."

"एक नाव तर चुकलं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

"एकच चुकते. चला, पयल्यापासना."

बाईंनी खुर्ची जराशी पुढे ओढली, पदर खोचला, पाठ ताठ केली आणि पुन्हा धक्क्यापासून सुरुवात केली.